हापूस विकणाऱ्या वेबसाइटसाठी पेमेंट सेवा निवडताना : चार हंगामांचा अनुभव

देवगड तालुक्यातील आमच्या घरच्या बागेतला हापूस पूर्वी सगळाच्या सगळा वाशीच्या बाजारात जात असे. गेले चार हंगाम त्यातला काही माल आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून थेट ग्राहकांच्या घरी पाठवतो. या काळात आम्ही दोन पेमेंट सेवा वापरल्या. पहिली दोन हंगामांनंतर सोडली आणि दुसरी आजही चालू आहे. दोन्हींची नावे मी येथे देत नाही, कारण अमुकच कंपनी घ्या असे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहिलेला नाही. रेझरपे, पेयू, कॅशफ्री, सीसीअ‍ॅव्हेन्यू, फोनपे अशा कोणत्याही सेवेचे माहितीपत्रक उघडले तर यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग, वॉलेट, हप्ते ही यादी सगळीकडे जवळजवळ सारखीच सापडते आणि पैसे सुरळीत आले तर सगळ्याच सेवा चांगल्या वाटतात. दोन सेवांतला खरा फरक आम्हाला कळला तो पैसे मध्येच अडकले तेव्हा आणि ग्राहकाला पैसे परत करायची वेळ आली तेव्हा. त्यामुळे छोट्या धंद्याने वैशिष्ट्यांची निवड याच दोन प्रसंगांवरून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

आमच्या धंद्याचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे, कारण प्रत्येक वैशिष्ट्याची उपयुक्तता त्यावरच ठरते. आमची विक्री मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच महिने चालते आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात मागणी सर्वांत जास्त असते. आढीतून काढलेला आंबा कोणासाठी थांबत नाही. पैसे आले की नाही हे कळायला दोन दिवस लागले, तर तेवढ्यात फळ वाटेवर असायला हवे होते किंवा दुसऱ्या ग्राहकाला द्यायला हवे होते. त्यात फळ वरून कितीही देखणे असले तरी आत साका, म्हणजे गराचा पांढरट, न पिकलेला भाग, निघू शकतो आणि तो कापल्याशिवाय कोणालाही दिसत नाही. त्यामुळे पैसे परत करणे हा आमच्या धंद्यात अपवाद नसून नित्याचा व्यवहार आहे.

बहुतेक जण सेवा निवडताना सुरुवात दरापासून करतात, तशी आम्हीही केली. भारतीय कार्ड आणि नेटबँकिंगसाठी जाहीर दर साधारणपणे दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन डझनांची २,४०० रुपयांची ऑर्डर कार्डाने आली, तर ४८ रुपये शुल्क आणि त्यावर ८ रुपये ६४ पैसे कर, असे एकूण ५६ रुपये ६४ पैसे वजा होऊन उरलेली रक्कम खात्यात येते. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे ते दुकानदार हा कर पुढे वळता करून घेऊ शकतात. ताज्या आंब्यावर मात्र जीएसटी नाही आणि स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीची सक्तीही नाही, त्यामुळे आमच्यासारख्याला हा कर सरळ खर्चातच धरावा लागतो. कार्डाने झालेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची रक्कम व्यापाऱ्याला पोहोचवण्याच्या, म्हणजे सेटलमेंटच्या, सेवेला जीएसटीतून जी सूट आहे, ती रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील पेमेंट अ‍ॅग्रीगेटरनाही, म्हणजे ग्राहकांचे पैसे गोळा करून व्यापाऱ्याला देणाऱ्या अशा पेमेंट सेवांनाही, लागू आहे, असे जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील जैसलमेरच्या बैठकीत स्पष्ट करण्यात आले. एका डझनाच्या ऑर्डरी या मर्यादेत बसतात, म्हणून महिन्याच्या बिलात त्यांच्यावर कर लावला आहे का, हे आम्ही आता आवर्जून तपासतो.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून प्रत्येक व्यवहारामागे घेतले जाणारे शुल्क, १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. असे असले तरी दरपत्रकातली यूपीआयची ओळ वेगळी वाचावी, कारण काही सेवा त्यावर प्लॅटफॉर्म शुल्क या नावाने रक्कम घेतात. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाने केलेला व्यवहारही सरसकट शुल्कमुक्त धरू नये. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला ऑनलाइन व्यवहारात ०.४० टक्के आणि त्याहून मोठ्या व्यापाऱ्याला ०.९० टक्के अशी ती मर्यादा आहे. सगळ्या कार्डांना एकच दर सांगणाऱ्या विक्री प्रतिनिधीला डेबिट कार्डाचा हिशेब लेखी विचारावा. आम्ही पहिल्या वर्षी तो विचारला नव्हता आणि दुसऱ्या वर्षी विचारला तेव्हा दर खाली आला. तरीही चार वर्षांनंतर माझे म्हणणे असे आहे की, दरातल्या पाव टक्क्याच्या फरकासाठी सेवा निवडू नये. आमच्या ग्राहकांपैकी बहुतेक जण यूपीआयनेच पैसे देतात, त्यामुळे कार्डाच्या दरातली ती बचत पुढे सांगितलेल्या एका रात्रीच्या गोंधळाइतकीही भरत नाही.

ती रात्र दुसऱ्या हंगामातल्या अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधीची होती. साडेदहाच्या सुमारास सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. "अहो दादा, माझे पैसे दोनदा गेले हो, आणि तुमच्याकडे ऑर्डर तर रद्द दाखवतंय," असे त्या काकुळतीने सांगत होत्या. मी वेबसाइट उघडून पाहिली, तर त्यांच्या नावावर दोन ऑर्डरी होत्या. पहिली रद्द झालेली होती आणि दुसरी 'पेमेंट पेंडिंग' या अवस्थेत होती. पेमेंट सेवेच्या डॅशबोर्डवर मात्र दोन्ही वेळची रक्कम यशस्वीपणे जमा झालेली दिसत होती. थोडे खाली पाहिल्यावर लक्षात आले की, त्या दिवशी अशा अकरा ऑर्डरी होत्या आणि त्यांतल्या सात आमच्याच यंत्रणेने रद्द केल्या होत्या.

असे का झाले हे समजून घेतल्याशिवाय पेमेंट सेवेची निवडच करता येणार नाही, म्हणून ते सविस्तर सांगतो. मोबाइलवर ग्राहक यूपीआयचा पर्याय निवडतो, तेव्हा ब्राउझर मागे राहतो आणि गूगल पे किंवा फोनपेसारखे अ‍ॅप पुढे येते. पिन टाकून पैसे दिल्यावर ग्राहकाने पुन्हा ब्राउझरमध्ये परत यावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कोणी तिथेच फोन बाजूला ठेवतो, कोणाचा फोन जुना असल्याने मागचे पान बंद होते, तर कोणाचे नेटवर्क नेमके त्याच क्षणी जाते. अशा वेळी पैसे आल्याची खबर ग्राहकाच्या ब्राउझरकडून वेबसाइटला मिळतच नाही. ती खबर पेमेंट सेवेच्या सर्व्हरने आमच्या सर्व्हरला थेट द्यायची असते आणि या थेट निरोपालाच वेबहुक म्हणतात. आमची वेबसाइट वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानासाठीच्या सॉफ्टवेअरवर चालते. तिच्यात पैसे न आलेली ऑर्डर मूळ सेटिंगनुसार साठ मिनिटांनी आपोआप रद्द होते, म्हणजे तिच्यासाठी राखून ठेवलेला माल मोकळा होतो. आमच्याकडे वेबहुकचे निरोप येत होते, परंतु वेबसाइटच्या सुरक्षेसाठी बसवलेले प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) ते परके समजून दारातच अडवत होते. ही चूक पेमेंट सेवेची नव्हती. सेवेचा दोष असा की, दोन दिवस सतत निरोप परत येत असूनही तिने आम्हाला साधा ईमेलही पाठवला नाही आणि अडकलेले निरोप पुन्हा पाठवण्याची सोय तिच्या डॅशबोर्डवर नव्हती. त्या रात्री आम्ही घरातल्या चौघांनी मिळून बँकेतला प्रत्येक व्यवहार क्रमांक ऑर्डरीशी हाताने जुळवला आणि पहाटे टेम्पो निघण्याआधी अकराही ग्राहकांना फोन केले.

म्हणून माझ्या मते पहिल्या क्रमांकाचे वैशिष्ट्य खात्रीशीर वेबहुक हेच आहे. सेवा घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न असे : निरोप पोहोचला नाही तर तो पुन्हा किती वेळा पाठवला जातो, पोहोचत नसल्याची सूचना मालकाला मिळते का आणि प्रत्येक निरोपाची नोंद डॅशबोर्डवर दिसते का. निरोपावरची डिजिटल सही तपासण्याची व्यवस्था वेबसाइट तयार करणाऱ्याने केली आहे ना, हेही पाहावे, नाहीतर कोणीही खोटा निरोप पाठवून फुकट माल मागवू शकतो. एकच निरोप दोनदा आला तर ऑर्डर दोनदा नोंदली जाऊ नये, ही काळजीही त्यालाच घ्यायची असते. आमची सध्याची सेवा या कसोटीवर उत्तम उतरली आहे. गेल्या हंगामात होस्टिंग कंपनीने सर्व्हर बदलला तेव्हा काही तास निरोप अडले होते, परंतु तासाभरात आम्हाला ईमेल आला आणि सगळे निरोप नंतर आपोआप पोहोचले. रद्द होण्याची साठ मिनिटांची मुदतही आम्ही वाढवून घेतली आहे.

एवढी कटकट नको म्हणून अनेक छोटे व्यावसायिक स्वतःचा क्यूआर कोड वेबसाइटवर लावतात आणि ग्राहकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट मागवतात. दिवसाला पाच-सहा ऑर्डरी असतील तर हे चालून जाते, हे मी मान्य करतो, कारण पहिल्या हंगामाचे पहिले तीन आठवडे आम्हीही तसेच केले. परंतु स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तो बनवता येतो, जुना पुन्हा पाठवता येतो आणि गर्दीच्या दिवशी एकाच रकमेचे दहा स्क्रीनशॉट समोर आले की कोणता कोणाचा हे कळेनासे होते. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा अंकी क्रमांक असतो. तो आपल्या खात्यात जमा झालेल्या नोंदीशी जुळला तरच पैसे आले असे मानावे. स्क्रीनशॉटवर विसंबून माल पाठवायचा नसेल, तर शंभरेक ऑर्डरींच्या पुढे पेमेंट सेवा घेण्याशिवाय मार्ग नाही.

आता रिफंडकडे वळतो. या बाबतीत दोन सेवांमधला फरक आम्हाला सर्वांत जास्त जाणवला. ठाण्याच्या एका ग्राहकाने डझनातले दोन आंबे कापून, आतला पांढरट, चिवट भाग स्पष्ट दिसेल असे छायाचित्र पाठवले. बाकीचे दहा आंबे उत्तम होते आणि त्याविषयी त्यांची तक्रारही नव्हती. न्यायाने त्यांना दोन आंब्यांचे पैसे परत मिळायला हवे होते. पहिल्या सेवेत मात्र आमच्या प्लॅनमध्ये अंशतः रिफंडची सोय नव्हती. करायचा तर पूर्ण रकमेचा रिफंड करा, नाहीतर ईमेल लिहून विनंती करा, असे उत्तर मिळाले. त्या विनंतीला नऊ दिवस लागले. तेवढ्या काळात ग्राहकाचा आमच्यावरचा विश्वास उडाला नाही, कारण मी त्यांना दर दोन दिवसांनी फोन करत होतो, परंतु पन्नास ग्राहकांच्या बाबतीत कोणालाही ते जमणार नाही. सध्याच्या सेवेत वेबसाइटच्या ऑर्डरीच्या पानावरूनच रक्कम लिहून रिफंड देता येतो. एका ऑर्डरीवर दोन वेळा थोडा-थोडा रिफंड देता येतो आणि ग्राहकाला बँकेत विचारण्यासाठी संदर्भ क्रमांकही मिळतो. हा क्रमांक फार महत्त्वाचा आहे. "रिफंड केला आहे, पाच ते सात दिवस थांबा" एवढ्या उत्तराने ग्राहकाचे समाधान होत नाही. क्रमांक दिला की तो स्वतःच्या बँकेत चौकशी करू शकतो आणि आपणही निर्धास्त राहतो.

रिफंडविषयी आणखी दोन गोष्टी करार वाचताना सहज नजरेतून सुटतात. रिफंड दिला तरी मूळ व्यवहारावर घेतलेले शुल्क बहुतेक सेवा परत करत नाहीत, त्यामुळे रद्द झालेल्या प्रत्येक ऑर्डरीचा भुर्दंड आपल्यालाच बसतो. दुसरी गोष्ट अशी की, रिफंडची रक्कम आपल्या बँक खात्यातून न जाता पेमेंट सेवेकडे त्या वेळी शिल्लक असलेल्या आपल्या रकमेतून वळती होते. हंगाम जोरात असताना हे जाणवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्या ऑर्डरी थांबतात, शिल्लक शून्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी शेवटच्या खेपेच्या तक्रारी येत असतात. पहिल्या वर्षी आमचे सहा रिफंड असेच अडकून पडले होते. शिल्लक कमी असताना आपल्या खात्यातून रक्कम भरून रिफंड पुढे नेण्याची सोय आहे का, हे हंगामी धंदा करणाऱ्याने आधी विचारून घ्यावे. आम्ही आता मेच्या अखेरच्या आठवड्यातच काही रक्कम तिथे राखून ठेवतो.

पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही, अशा व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक ग्राहकाच्या बाजूने स्पष्ट आहे. यूपीआयने किंवा कार्डाने ऑनलाइन पैसे देताना रक्कम वजा झाली आणि व्यापाऱ्याकडे खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे. ही माहिती आम्ही वेबसाइटवर मराठीत लिहून ठेवली आहे. त्याच्याच खाली दुसरे वाक्य आहे : पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही आणि आमच्याकडून कोणीही रिफंडसाठी क्यूआर कोड पाठवणार नाही. वयस्कर ग्राहकांना ते वाक्य उपयोगी पडल्याचे त्यांनी स्वतः कळवले आहे.

सेटलमेंट, म्हणजे ग्राहकाने दिलेली रक्कम आपल्या खात्यात प्रत्यक्ष येणे, यासाठी साधारणपणे कामकाजाचे एक ते तीन दिवस लागतात. मधल्या काळात अ‍ॅग्रीगेटरला ती रक्कम बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त अशा रकमांसाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात, ठेवावी लागते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट अ‍ॅग्रीगेटरसाठी नियम केले, त्यात ही अट आहे. परवानगी मिळालेल्या अ‍ॅग्रीगेटरची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर असते आणि आपल्या सेवेचे नाव त्या यादीत पाहिल्याशिवाय कोणीही करार करू नये. आमच्या दृष्टीने सुट्यांचा प्रश्नही मोठा आहे. १ मे, दुसरा व चौथा शनिवार, रविवार हे सगळे ऐन हंगामात येतात. त्याच दिवसांत तोडणीच्या गड्यांची मजुरी, लाकडी पेट्या, पेंढा आणि टेम्पोचे भाडे रोखीने द्यायचे असते. जादा शुल्क घेऊन त्याच दिवशी रक्कम देणारी सोय अनेक सेवांकडे आहे. ती कायम चालू ठेवू नये, परंतु हंगामात चार-पाच वेळा तिचा उपयोग होतो आणि तेवढ्यासाठी दिलेले शुल्क मला वाजवी वाटते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे सेटलमेंट थांबवले जाणे. आमच्या खात्यावर नऊ महिने जवळजवळ काहीच व्यवहार नसतात आणि एप्रिलमध्ये एका आठवड्यात लाखांची उलाढाल होते. पहिल्या सेवेच्या यंत्रणेला हे संशयास्पद वाटले. फसवणुकीला आळा घालण्यासाठी अशी तपासणी असलीच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कोणतीही पूर्वसूचना न देता रक्कम रोखली गेली आणि माल खरेदी केल्याची बिले मागण्यात आली. माल आमच्याच बागेतला, मग खरेदीची बिले कोठून आणायची? मी सातबारा पाठवला, तर तो मराठीत आहे म्हणून इंग्रजी भाषांतर मागितले गेले. शिवाय जमीन वडिलांच्या नावावर आणि बँक खाते माझ्या नावावर, त्यामुळे वडिलांचे संमतिपत्रही द्यावे लागले. या सगळ्यात बारा दिवस गेले आणि त्या बारा दिवसांत गड्यांची मजुरी आम्ही सोसायटीच्या कर्जातून भागवली. नवी सेवा घेताना मी सर्वांत आधी हा प्रसंग सांगितला आणि हंगामी व्यवसाय अशी नोंद खात्यावर करून घेतली. दर मार्चमध्ये अपेक्षित उलाढालीचा अंदाज आम्ही त्यांना ईमेलने कळवतो. त्यानंतर रक्कम एकदाही अडलेली नाही. गणपतीच्या मूर्ती, आकाशकंदील, दिवाळीचा फराळ असा ठरावीक महिन्यांतच जोर धरणारा धंदा ज्यांचा आहे, त्यांनी ही नोंद आणि सर्व कागदपत्रे हंगामाच्या दोन महिने आधी पूर्ण करून घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आगाऊ नोंदणीसाठी आम्हाला जे वैशिष्ट्य सर्वांत उपयोगी पडले ते म्हणजे पेमेंट लिंक. फेब्रुवारीत पेटी नोंदवणाऱ्या ग्राहकाकडून पूर्ण रक्कम घेणे योग्य नाही, कारण अवकाळी पावसाने किंवा थ्रिप्स या किडीने मोहोर गेला तर दर आणि माल दोन्ही बदलतात. कार्डावर रक्कम नुसती राखून ठेवण्याची सोय असते, परंतु ती काही दिवसांपुरतीच असल्याने अशा नोंदणीला तिचा उपयोग नाही. आम्ही पेटीमागे ५०० रुपये बयाणा वेबसाइटवर घेतो. आंबा आढीत पडला की उरलेल्या रकमेची लिंक एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपने जाते, तिला तीन दिवसांची मुदत असते आणि दुसऱ्या दिवशी आठवण आपोआप जाते. मुदतीत पैसे आले नाहीत तर पेटी पुढच्या ग्राहकाला मिळते. लिंकवर ऑर्डर क्रमांक असल्यामुळे हिशेब जुळवण्याचे काम उरत नाही.

आमच्या ग्राहकांमध्ये परदेशात राहणारी मराठी मंडळी बरीच आहेत. ती न्यू जर्सीहून किंवा दुबईहून पैसे भरतात आणि पेटी कोथरूडला किंवा डोंबिवलीला आईवडिलांच्या घरी पोहोचते. परदेशी कार्ड स्वीकारण्याची सोय वेगळी मागून घ्यावी लागते आणि तिचा दर देशी कार्डापेक्षा जास्त असतो. आपल्याकडील कार्डांना ऑनलाइन व्यवहारात दुसऱ्या पडताळणीची सक्ती २००९ पासून आहे, परंतु परदेशातील बँकेचे कार्ड ओटीपीशिवायही चालू शकते. त्यामुळे कार्डधारकाने नंतर व्यवहार नाकारला तर चार्जबॅक येतो, म्हणजे बँक ती रक्कम आपल्याकडून परत मागते आणि माल पोहोचल्याचे आपल्याला सिद्ध करावे लागते. म्हणून परदेशी कार्डाच्या प्रत्येक ऑर्डरीची कुरिअरची पोच आम्ही सहा महिने जपून ठेवतो. पेपाल अनेकांच्या ओळखीचे आहे, पण १ एप्रिल २०२१ पासून त्याने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले असून ते फक्त परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी उरले आहे. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर यांसह दहा देशांतील मोबाइल क्रमांकांवरून एनआरई किंवा एनआरओ खात्याने (अनिवासी भारतीयांच्या भारतातील बँक खात्याने) यूपीआय वापरण्यास ते चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने २०२३ मध्ये परवानगी दिली. आमचे दोन-तीन जुने ग्राहक आता त्याच मार्गाने पैसे देतात आणि दोघांचाही खर्च वाचतो.

उरलेल्या वैशिष्ट्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. हप्त्यांची सोय आणि 'आता घ्या, नंतर पैसे द्या' हे पर्याय आंब्याला लागत नाहीत, म्हणून आम्ही ते बंद ठेवले आहेत. पर्यायांचे पान जितके लांब, तितके वयस्कर ग्राहक गोंधळतात. वॉलेट ठेवले तरी चालते, नसले तरी कोणी विचारत नाही. कॅश ऑन डिलिव्हरी मात्र पहिल्या हंगामानंतर कायमची बंद केली, कारण दारातून परत आलेली आंब्याची पेटी पुन्हा विकता येत नाही. कार्डाचा क्रमांक वेबसाइटने स्वतःजवळ साठवण्यास १ ऑक्टोबर २०२२ पासून मनाई आहे. त्यामुळे कार्डाची माहिती पेमेंट सेवेच्या स्वतःच्या पानावरच भरून घेणारी पद्धत छोट्या धंद्याने निवडावी. दिसायला ती थोडी कमी आकर्षक असते, परंतु सुरक्षेची मोठी जबाबदारी आपल्या अंगावर येत नाही.

एक आग्रह मात्र येथे नोंदवतो. पेमेंटच्या शेवटच्या पायरीवर 'कन्व्हीनियन्स फी' म्हणून शुल्क वाढवण्याची सोय बऱ्याच सेवा देतात. ती आम्ही कधीही वापरली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि ग्राहकाच्या टोपलीत न मागितलेली वस्तू घालणे या दोन्ही अनुचित पद्धती ठरवल्या आहेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच खूण केलेल्या चौकोनातून ग्राहकाची संमती गृहीत धरता येत नाही. आमच्या वेबसाइटच्या मूळ साच्यात विम्याच्या चौकोनावर अशी खूण होती, ती आम्ही काढून टाकली. डझनाचा जो भाव पहिल्या पानावर लिहिला आहे त्यात कुरिअर आणि पेमेंटचे शुल्क धरलेले असते आणि ग्राहकाच्या खात्यातून तेवढीच रक्कम वजा होते.

सध्याच्या सेवेत दोन उणिवा आहेत. मदतीसाठी फोन क्रमांक आहे, पण तो रविवारी बंद असतो आणि आमच्या सर्वाधिक ऑर्डरी रविवारीच येतात. दुसरी उणीव अशी की, ग्राहकाला जाणारा पावतीचा एसएमएस फक्त इंग्रजीत असतो. मराठीची मागणी आम्ही दोनदा लेखी केली आहे. तोवर वेबहुकचा निरोप येताच आमच्या बाजूने एक मराठी संदेश जातो. त्यात ग्राहकाचे नाव, डझनांची संख्या, मिळालेली रक्कम, व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक आणि पेटी देवगडहून निघण्याची तारीख असते. सांगलीच्या त्या बाईंनी यंदा चार डझन आंबे मागवले. पैसे दिल्यावर त्यांचा फोन आला नाही, त्या मराठी संदेशाखाली "मिळाला" एवढे उत्तर आले.